ऑटोक्रॉससाठी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचं सस्पेन्शन: बेळगाव, निपाणी, खानापूरकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे दारोदारी उभ्या असलेल्या स्विफ्ट, बलेनो, पोलो, आय-ट्वेंटी किंवा जुनी एस्टीम, सगळ्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या. म्हणून खालची उत्तरं याच गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. जिप्सीवाल्यांना यातलं निम्मं उलटं लागू होईल.

ऑटोक्रॉस म्हणजे रॅली की रेस?

दोन्ही नव्हे. मोकळ्या जागेत शंकू मांडून अरुंद, वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळावर निकाल लागतो. शंकू पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. कुठे डांबर किंवा काँक्रीट असतं, कुठे मुरूम. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते आणि सरळ पळायला जागा फारशी मिळत नाही. त्यामुळे इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायर, सस्पेन्शन आणि चालवणाऱ्याचा हात यांनाच भाव.

वळणात स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी नाक बाहेरच जातं. गाडीत दोष आहे का?

दोष नाही, या गाड्यांची जातच तशी. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं पुढे असल्यामुळे एकूण वजनाचा साठ-पासष्ट टक्के भार पुढच्या चाकांवर बसतो. गाडी ओढायची त्यांनीच, वळवायची त्यांनीच आणि ब्रेकचा मोठा वाटाही त्यांनीच उचलायचा. मागची दोन नुसती मागून येतात.

आता टायरचा एक गुण लक्षात घ्या. भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. मार्केट यार्डात एका हमालावर दोन पोती लादली आणि दुसऱ्याला रिकामा सोडला, तर दोघांनी एकेक नेण्यापेक्षा काम कमीच होणार ना, तसंच हे. वळणात आतल्या चाकाचा भार बाहेरच्या चाकावर जातो आणि त्या जोडीची मिळून पकड घटते. एकूण किती भार सरकणार हे गाडीची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर ठरवतात. त्यात स्प्रिंग बदलून काही होत नाही. पण त्या सरकणाऱ्या भारातला किती वाटा पुढच्या जोडीवर पडायचा आणि किती मागच्या, हे तुमच्या हातात आहे. जी बाजू झुकायला जास्त ताठ, ती जास्त वाटा घेते. मागची बाजू ताठ केली की मागची पकड थोडी घटते, पुढच्यांवरचा ताण हलका होतो आणि गाडी वळते. खालची जवळजवळ सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

पहिला पैसा कशावर घालू? कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) घेऊ का?

एवढ्यात नको. आधी गाडी लिफ्टवर चढवा आणि लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशला, म्हणजे सांध्यातल्या रबराला, टॉमी लावून हलवून बघा. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी निपाणी-चिकोडीकडच्या रस्त्यांची जी दशा होते, तिच्यात हा बुश सगळ्यांत आधी जातो. रबर फाटलं असेल तर ब्रेक मारला की चाक मागे सरकतं, टो (चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलतो आणि गाडी प्रत्येक ब्रेकला वेगळी वागते. अशा गाडीवर कितीही महागडं सामान चढवा, सेटिंग हाताला लागणार नाही. बुशनंतर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लिंक रॉड आणि स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र खांबाच्या) माथ्यावरचं बेअरिंग. हे बेअरिंग तपासायचं असेल तर एकानं स्टिअरिंग हळू फिरवावं आणि दुसऱ्यानं स्प्रिंगवर अलगद हात ठेवावा. स्प्रिंग अडकत, झटके देत फिरली तर बेअरिंग गेलं.

मग टायर. मग अलाइनमेंट. मग मागचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं झुकणं आवरणारी, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. कॉइलओव्हर त्यानंतर. पैसा ज्याचा त्याचा, पण हा क्रम उलटा करणाऱ्यांच्या गाड्या दिसायला भारी आणि वेळेत मागे असतात.

टायर कोणते घ्यावेत?

बऱ्याच टायरच्या साइडवॉलवर ट्रेडवेअर म्हणून आकडा छापलेला असतो. तो जितका कमी तितकं रबर साधारण मऊ. कंपनी-कंपनीत मोजमाप वेगळं असल्यामुळे दोन वेगळ्या ब्रँडचे आकडे एकमेकांशी लावू नका. फार रुंद टायर घालून उपयोग नाही, रिम त्या मापाची हवी. डांबरावर अर्धा झिजलेला टायर नव्यापेक्षा चांगला चालतो, कारण ट्रेडचे उंच ठोकळे वळणात लडबडतात. मुरमावर मात्र उलट, तिथे ट्रेड हवा. एमआरएफ आणि जेके दोन्ही रॅलीचे टायर बनवतात, पण पहिल्या वर्षी तेवढा खर्च करायची गरज नाही.

हवा किती ठेवायची?

फुकटातलं सगळ्यांत प्रभावी सेटिंग म्हणजे हवा. तरी लोक पंपावर जाऊन "तेहतीस मार रे" म्हणतात आणि विसरून जातात.

डांबरावर सुरुवातीला दारावरच्या स्टिकरपेक्षा पुढे ४ ते ६ पीएसआय जास्त भरा. जोराच्या वळणात टायर साइडवॉलवर लोळतो, तो आवरायला ही जास्तीची हवा लागते. मग खडू घ्या. पुढच्या दोन्ही टायरवर, ट्रेडपासून खाली साइडवॉलपर्यंत, तीन-तीन ठिकाणी आडव्या रेघा ओढा आणि एक फेरी मारून या. टायरच्या खांद्यावर झीज दाखवणाऱ्या खुणेचा छोटा त्रिकोण असतो. खडू साधारण तिथपर्यंत पुसला गेला तर ठीक. त्याच्या खूप खाली गेला तर हवा कमी आहे. खांद्यावर अजून शाबूत दिसतोय तर जास्त झाली, २ पीएसआय सोडा.

मागच्या चाकांचा हिशोब वेगळा. तिथे हवा वाढवून मागची बाजू सैल, म्हणजे वळणात सहज घसरणारी, करता येते. गाडी वळत नसेल तर मागे २ पीएसआय वाढवा, पुन्हा बघा, पुन्हा २. साइडवॉलवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर मात्र जायचं नाही.

दिवसभरात हवा बदलते हेही ध्यानात असू दे. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की साधारण १ पीएसआय वाढतो. डिसेंबरात बेळगावला सकाळी स्वेटर घालून हवा भरली आणि दुपारी उन्हात फेरी आली, तर दोन-अडीच पीएसआय नुसत्या हवामानानंच चढलेले असतात. वर टायर तापून वाढतात ते वेगळेच. गेज स्वतःचा ठेवा. खरा आकडा महत्त्वाचा नाही, दर वेळी तोच गेज असणं महत्त्वाचं.

कॅम्बर किती आणि तो करायचा कसा?

समोरून बघितलं तर चाकाचा माथा आत झुकलेला असणं म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर. या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि गाडी वळणात झुकली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकतं. टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो, आतली अर्धी रुंदी फुकट जाते. म्हणून आधीच आत झुकवून ठेवायचं. कंपनीतून गाडी शून्याच्या आसपास येते, डांबरी ऑटोक्रॉसला उणे २ ते उणे ३ अंश लागतात.

सगळ्यांत स्वस्त उपाय कॅम्बर बोल्टचा. स्ट्रट जिथे नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो, तिथला एक बोल्ट काढून एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यभाग बाजूला असलेला बोल्ट घालतात. त्यानं अंश-दीड अंश मिळतो. त्यापुढे जायचं तर वर, स्ट्रटचा माथा आत सरकवणारी कॅम्बर प्लेट. लेथवाला ग्राइंडर काढून स्ट्रटचं भोक लांबट करून द्यायला एका पायावर तयार असतो, पण त्या जोडाची ताकद बोल्टच्या आवळण्यातच असते. भोक मोठं झालं आणि खड्डा बसला की चाक सरकतं. टॉर्क रेंच नसेल तर या वाटेला जाऊ नका.

मोजायला यंत्रच हवं असं नाही. गवंड्याचा ओळंबा घ्या. सपाट जागेवर गाडी उभी करा, स्टिअरिंग सरळ. ओळंब्याची दोरी रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेसमोर लोंबती ठेवा आणि दोन्हीकडे दोरीपासून रिमपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोजा. दोन्ही टोकांत ४० सेंटिमीटर अंतर असेल तर दर ७ मिलिमीटर फरकामागे एक अंश. १४ मिलिमीटर म्हणजे दोन अंश. दोन्ही बाजू मिलिमीटरपर्यंत जुळल्या पाहिजेत. कॅम्बर हलवला की टो आपोआप बिघडतो, म्हणून टो नेहमी शेवटी.

अलाइनमेंटवाला म्हणतो, "असं होत नाही, स्क्रीनवर लाल येतंय." काय सांगू?

त्याचा दोष नाही. त्याच्या यंत्रात कंपनीचे आकडे भरलेत, हिरवं आलं की "झालं की ओ" म्हणून तो गाडी खाली उतरवतो. तुम्हाला लालच हवंय. दुपारी गर्दी नसताना जा, आकडे कागदावर लिहून द्या आणि आधीची-नंतरची प्रिंट मागून घ्या. शिवाय तुमच्या वजनाचं काहीतरी ड्रायव्हर सीटवर ठेवा. साखर कारखान्यांचा मुलूख आपला, ५० किलोचं साखरेचं पोतं कुठेही मिळतं. त्यावर अजून थोडं ठेवलं की तुमचं वजन झालं. रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट आणि माणूस बसलेल्या गाडीचं, यांत फरक पडतो.

टो आत की बाहेर?

पुढे शून्य ते ३ मिलिमीटर बाहेर, दोन्ही चाकं मिळून. टो बाहेर असला की गाडी वळणात झटकन शिरते, पण हायवेवर सरळ रेषेत थोडी भिरभिरते आणि टायरची आतली कड लवकर खाते. पंधरा इंची रिमवर ३ मिलिमीटर म्हणजे जेमतेम अर्धा अंश, पण हाताला लगेच जाणवतो.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळली जाणारी तुळई) असेल तर टो ठरलेला असतो, सहसा थोडा आत. हब आणि बीमच्या मध्ये पाचरीसारखा शिम घालून तो शून्यावर किंवा किंचित बाहेर आणता येतो. मी मागे शून्यापलीकडे जायला सांगत नाही. स्पर्धेत दोन दशांश सेकंद मिळतील, पण तीच गाडी पावसात घाट उतरणार असेल तर त्या दोन दशांशांची किंमत फार मोठी आहे.

मागे जाड बार घालायचा. उद्यमबागेत बनवून घेतला तर चालेल?

चालेल. उद्यमबाग, मच्छे या पट्ट्यात लेथ, फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंट करणारे इतके आहेत की नीट ड्रॉइंग घेऊन गेलात तर बार बनतो. फक्त तीन-चार गोष्टी समजून जा.

बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. १६ मिलिमीटरचा १८ केला तर दिसायला दोनच मिलिमीटर, पण ताठपणा ६० टक्के वाढला. १८ चा २० केला तर आणखी ५२ टक्के. म्हणून "जरा जाड घाल" असं सांगून चालत नाही, व्हर्नियरनं मोजून आकडा द्या.

दुसरं, साधं माइल्ड स्टील आणि स्प्रिंग स्टील पिळताना सारखंच ताठ असतं. दोघांचा तो गुण जवळजवळ एकच. फरक असा की माइल्ड स्टील एका मर्यादेनंतर पिळलं की तसंच राहतं, परत येत नाही. म्हणून ईएन-४५ किंवा ईएन-४७ घ्या, गरम करून वाकवा आणि मग हार्डनिंग-टेम्परिंग करून घ्या. टेम्परिंग टाळलं तर बार काचेसारखा तुटतो आणि तो वळणातच तुटणार.

पोकळ पाइपही उत्तम. बाहेरून २५ मिलिमीटर आणि ३ मिलिमीटर जाडीचा पाइप साधारण साडेबावीस मिलिमीटर भरीव बारइतका ताठ असतो आणि वजन जवळपास निम्मं. बारच्या हाताला दोन-तीन भोकं पाडून घ्या. बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी लिंक आतल्या भोकात घातली की हात आखूड होतो आणि बार ताठ. पाना घेऊन पाच मिनिटांत सेटिंग बदलतं.

टॉर्शन बीम स्वतःच पिळून अँटी-रोल बारचं काम करतो. जादा बार त्याला क्लॅम्पनं बोल्ट करायचा, वेल्डिंग अजिबात नाही. बीम पिळत राहतो आणि वेल्डच्या कडेला चीर पडते. ती रंगाखाली लपलेली असते, दिसतही नाही.

पुढचा स्टॅबिलायझर (अँटी-रोल) बार काढूनच टाकला तर?

यावर गॅरेजात बसलेल्या चौघांत पाच मतं निघतील. तर्क बरोबर आहे, पुढची बाजू मऊ झाली की पुढच्या दोन चाकांत भार जास्त समान वाटला जातो आणि आतल्या चाकाला ओढायला जमीन मिळते. पण बार काढला की गाडी जास्त झुकते, आणि मॅकफर्सनमध्ये जास्त झुकणं म्हणजे बाहेरच्या टायरचा कॅम्बर जास्त बिघडणं. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं गेलं.

माझं मत असं: पुढे उणे अडीच-तीन अंश कॅम्बर आधीच मिळवलेला असेल आणि स्प्रिंगही ताठ असतील, तर बार काढून बघण्यात अर्थ आहे. कंपनीच्या स्प्रिंग आणि उणे एक अंशावर तो काढलात तर गाडी लोळेल आणि पूर्वीपेक्षा जास्त बाहेर जाईल. अशा गाडीत पुढचा बार उलट थोडा जाड केल्यानंही पुढची पकड वाढलेली दिसते, पुस्तकी नियमाच्या अगदी विरुद्ध. कारण तिथे टायर भारानं हरत नव्हता, कोनानं हरत होता.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली की पकड वाढते ना?

दिसायला वाढते.

स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर आणि वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात चालतो. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं तर स्प्रिंग २० टक्के ताठ होते. तारच १० टक्के जाड असेल तर ४६ टक्के. म्हणजे कापून मिळणारा ताठपणा थोडा आणि बसणारी उंची फार. वर कापलेलं टोक सीटमध्ये नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून हलते. जंपवर हे झालं तर काय होईल ते सांगायला नको.

मॅकफर्सनचा आणखी एक गुंता आहे. लोअर आर्म साधारण आडवा असतो. गाडी फार खाली बसवली की आर्मचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर जातं. मग गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर गाडीच्या वजनकेंद्रापेक्षा जास्त वेगानं खाली उतरतो. दोघांतलं अंतर वाढलं की गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकायला बघते. जोडीला टाय रॉडचा कोन बदलून खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप फिरायला लागतं ते वेगळंच. २०-२५ मिलिमीटरच्या खाली जायचं असेल तर बॉल जॉइंटची उंची सुधारणारं सामान लागतं.

बंप स्टॉपही, म्हणजे शॉकअप पुरता दबला की टेकणारं रबरही, बघा. शॉकअपच्या चकचकीत रॉडवर, धुळीचं रबर वर सरकवून, एक प्लॅस्टिकची झिप टाय सैलशी आवळा आणि खाली ढकलून ठेवा. फेरी मारून आल्यावर ती किती वर सरकली ते बघा. बंप स्टॉपला टेकली असेल तर वळणात तुमची स्प्रिंग संपून गाडी रबरावर चालत होती. त्या क्षणी पुढची बाजू एकदम कडक होते आणि नाक बाहेर पळतं. लोक याला "टायर सुटला" म्हणतात.

शॉकअपच्या क्लिक (मऊ-कडक करायचे टप्पे) कुठे ठेवायच्या?

शॉकअप भार किती सरकेल हे ठरवत नाही, किती लवकर सरकेल ते ठरवतो. ऑटोक्रॉसमध्ये गाडी सतत डावीकडून उजवीकडे होत असते, स्थिर अशी कधी नसतेच. म्हणून इथे त्याचं महत्त्व सर्किटपेक्षा जास्त. आधी सगळं मऊ टोकाला ठेवा. मग पुढचं दोन-दोन क्लिक वाढवत न्या, शंकूंच्या रांगेत गाडीचं डोलणं थांबेपर्यंत. मागे रिबाउंड (शॉकअप परत लांब होताना करतो तो विरोध) वाढवला की ब्रेक सोडून वळताना मागची बाजू लवकर हलकी होते आणि गाडी फिरते. फार वाढवला तर खडबडीत जागेवर चाक जमिनीवर परत यायच्या आत पुढचा धक्का येतो आणि गाडी टणटण उडते.

स्प्रिंग बदलल्या आणि शॉकअप कंपनीचेच ठेवले, असं बरेच जण करतात. ४० टक्के ताठ स्प्रिंगला तेवढीच आवर हवी असेल तर शॉकअपची ताकद साधारण १८ टक्के वाढलेली लागते. नव्या शॉकअपवर हे निभावतं. लाख किलोमीटर चाललेल्यावर नाही.

वळणात मागचं आतलं चाक चक्क हवेत उचलतं. गाडी पलटेल का?

नाही, सेटिंग जागेवर येतंय असं समजा. उचललेलं चाक म्हणजे मागच्या जोडीनं सगळा भार बाहेरच्या चाकावर देऊन झाला. त्यापुढे मागे आणखी ताठ बार घालून काही मिळत नाही, कारण द्यायला भारच उरला नाही. इथून पुढे नाक बाहेर जात असेल तर उत्तर पुढच्या बाजूला शोधा. चार बोटं उचललं तर ठीक. वीतभर उचलत असेल आणि गाडी थ्रॉटलवरून पाय काढताच गिरकी घेत असेल, तर एक पायरी मागे या.

वळणातून निघताना आतलं पुढचं चाक नुसतं फिरतं, ओढत नाही. एलएसडी (एकाच चाकाचं नुसतं फिरणं आवरणारं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल) शिवाय उपाय?

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं, म्हणजे हलकं झालेलं चाक जेवढं पेलेल तेवढंच दुसऱ्यालाही. पुढची बाजू फार ताठ असेल तर मऊ करा, मागची ताठ करा. बाकी पायात आहे. वळणाच्या मध्यावर थ्रॉटल दाबून धरलात तर कुठलंही सस्पेन्शन वाचवणार नाही. स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की थ्रॉटल हळूहळू दाबत न्या. एलएसडी खरोखर फरक पाडतं, पण ते कुठल्या वर्गात चालतं हे आधी नियमपुस्तकात बघा.

मुरमावर आणि पावसात हेच सेटिंग?

नाही. मुरूम किंवा खानापूरकडची लाल माती असेल तर सगळं मऊ करा, उंची कंपनीची ठेवा, पुढचा कॅम्बर उणे एकच्या आसपास पुरे. टायरला मातीत रुतून धरायचं असतं, ताठ गाडी वरून घसरते. हवा थोडी कमी, पण उथळ साइडवॉलच्या टायरला फार कमी केली तर तो रिमवरून सुटतो. चिकोडीकडच्या काळ्या मातीत पाऊस पडला तर सेटिंगचा विचार सोडा, चिखल ट्रेडमध्ये बसतो आणि चारही टायर गुळगुळीत होतात. ओल्या डांबरावर मागच्या बारची एक लिंक सोडून टाका. पकड कमी असली की मागची बाजू आपोआप सैल वाटते, तिला आणखी सैल करायची गरज नसते.

बदल केल्यानं खरंच फायदा झाला हे कळणार कसं? सगळंच चांगलं वाटतं.

पैसे घातले की वाटतंच. म्हणून मोजा. बंदिस्त, परवानगी असलेल्या मोकळ्या जागेत १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ खडूनं आखा. गाडीचा मध्य त्या रेषेवर ठेवून, नाक सुटायच्या बेतात असेल अशा वेगानं फेऱ्या मारा आणि एकेका फेरीची वेळ घ्या. ५९२ ला वेळेच्या वर्गानं भागलं की प्रवेग मिळतो, त्याला ९.८ नं भागलं की जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत वळणाचा जोर. ९ सेकंद म्हणजे साधारण ०.७५ जी. साडेआठ म्हणजे ०.८४. दोन्ही दिशांनी करा, कारण गाडी डावीकडे आणि उजवीकडे सारखी नसते. आणि एका वेळी एकच बदल. दोन केलेत तर कशानं काय झालं ते देवालाच ठाऊक.

मागची सीट, स्टेपनी काढून वजन कमी करू?

नियम परवानगी देत असतील तर काढा. मागचं वजन काढल्यामुळे पुढच्या भाराची टक्केवारी थोडी वाढते हे खरं, तरी एकूण वजन घटण्याचा फायदा जास्त. टाकीत पेट्रोल गरजेपुरतंच ठेवा.

हीच गाडी आठवडाभर घरची. आईबाबांना घेऊन गोव्यालाही जायचं असतं.

मग दोन सेटिंग ठेवा आणि वहीत लिहा. घरी आल्यावर मागच्या बारची लिंक बाहेरच्या भोकात, हवा स्टिकरप्रमाणे, मागचा टो कंपनीचा. मागची बाजू सैल असलेली गाडी मैदानावर मजा देते. चोर्ला घाटात पावसात, समोरून ट्रक आला म्हणून वळणातच पाय काढलात, तर तीच गाडी मागून फिरेल. रोजच्या गाडीत मागचा टो कधीही बाहेर नको.

आरटीओ, पोलीस, विमा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. पासिंग केए-२२, केए-२३ असो की एमएच-०९, कायदा केंद्राचा आहे, निपाणीच्या पुढे गेलं म्हणून बदलत नाही. कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा गुन्हा, मग ती रात्री दोनला रिकाम्या सर्व्हिस रोडवर का असेना. खासगी गाडीच्या विम्यात संघटित शर्यत वगळलेली असते, मैदानावर झालेलं नुकसान तुमच्या खिशातून जाणार. देशात या खेळाची मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय. तिच्या मान्यतेच्या स्पर्धांना तिचा परवाना लागतो, आणि कोणत्या वर्गात कोणता बदल चालतो हे तिथल्या नियमावलीत असतं. बार बनवायला टाकण्याआधी ती वाचा.

पहिल्या स्पर्धेला जाताना डिकीत काय टाकू?

स्वतःचा गेज, पायानं हवा मारायचा पंप, खडू, टॉर्क रेंच, झिप टाय, मागच्या लिंकच्या मापाचे दोन पाने, एक वही. हेल्मेट कोणत्या दर्जाचं लागतं ते आयोजकांना आधी विचारा. बेळगावातच हेल्मेट बनतात म्हणून घरातलं दुचाकीचं घेऊन गेलात आणि तपासणीत परत पाठवलं, असं व्हायला नको. आणि चाकांचे नट फेरीआधी एकदा, पहिल्या फेरीनंतर एकदा आवळा.